घरातल्या कामाच्या खोलीचा खर्च: हक्क आहे, मोजपट्टी नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रिटर्न भरायचे दिवस आले की घरून स्वतःचा व्यवसाय करणारी माणसे एक प्रश्न हमखास विचारतात. काम घरातच करतो, तर घरभाड्यातला आणि लाइट बिलातला काही भाग धंद्याच्या खर्चात धरता येतो का? अनुवादक, शिकवणी घेणाऱ्या शिक्षिका, विमा एजंट, ग्राफिक डिझायनर, आहारतज्ज्ञ, घरी बसून वह्या लिहिणारे अकाउंटंट असे कितीतरी लोक हे विचारतात. त्यांना मिळणारी उत्तरे साधारण दोनच असतात. एक, 'राहत्या घराचं काही मिळत नाही.' दुसरे, 'टाका महिना पाच हजार ऑफिस भाडं, कोण बघतंय!' दोन्ही चुकीची आहेत. पहिल्या उत्तराने माणूस हक्काचे पैसे सोडतो. दुसऱ्याने तो अशी रक्कम लिहून बसतो, की नोटीस आली तर तिच्या बाजूने एक ओळसुद्धा मांडता येणार नाही.

प्राप्तिकर कायदा १९६१ यात याची तरतूद स्पष्ट आहे. कलम ३० मध्ये धंद्यासाठी वापरलेल्या जागेचे भाडे, दुरुस्ती, स्थानिक कर आणि विमा यांची वजावट मिळते. त्याच जागेचा काही भाग राहण्यासाठी वापरला जात असेल, तर कलम ३८ प्रमाणे धंद्याकडे जाईल तेवढाच हिस्सा मिळतो. कलम ३२ खाली यंत्रे, संगणक, फर्निचर यांचा घसारा (वापराने दर वर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट) मिळतो. वीज, इंटरनेट, फोन असले इतर खर्च कलम ३७ खाली येतात. खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच झालेला असावा, वैयक्तिक किंवा भांडवली नसावा, ही त्या कलमाची अट. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण हिश्शाचे तत्त्व कायम आहे. २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाचा हिशेब जुन्या कायद्यानेच होतो, म्हणून या पत्रात जुने क्रमांक दिले आहेत.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. नवी करप्रणाली निवडली की सगळ्या वजावटी गेल्या, असे सर्रास बोलले जाते. गेल्या त्या ८०सी (ठरावीक बचतीची वजावट), घरभाडे भत्ता, ८०जीजी (हा भत्ता न मिळणाऱ्यांना राहत्या घराच्या भाड्याची वजावट) यांसारख्या. धंद्याचा खर्च ही सवलत नसून नफा काढण्याची रीत आहे, आणि ती दोन्ही प्रणालींत लागू आहे. पगारदाराला नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आहे, ती स्वतंत्र व्यावसायिकाला नाही. त्याच्या हातात खरा खर्च दाखवणे एवढेच उरते. उलट, घरून काम करणाऱ्या पगारदाराला घराच्या खर्चाची वजावट मिळत नाही. हा सारा विषय धंदा किंवा व्यवसाय या सदराखाली उत्पन्न दाखवणाऱ्यांचाच आहे.

अडचण सुरू होते ती हिस्सा काढताना. कलम ३८ म्हणते, करनिर्धारण अधिकारी प्रमाण बघून ठरवेल ती रक्कम. प्रमाण कशाचे, हे मात्र ते सांगत नाही. स्वतंत्र खोली असेल तर क्षेत्रफळाने भागते. पण पुण्यामुंबईत स्वतंत्र खोली किती जणांना परवडते?

४८० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरात १६० चौरस फुटांचा हॉल आहे, भाडे महिना १८,००० म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपये. हॉलमध्ये आठवड्याचे सहा दिवस रोज तीन तास शिकवणी चालते, एरवी तिथे घरचे बसतात, झोपतात. आता हिस्सा काढा. नुसते क्षेत्रफळ धरले तर एक तृतीयांश, ७२,००० रुपये. वेळही धरली आणि आठवड्याचे १६८ तास मोजले, तर १८ भागिले १६८, आणि रक्कम ७,७१४ रुपये. झोपेचे तास वगळून दिवसाचे सोळा, म्हणजे आठवड्याचे ११२ तास धरले तर ११,५७१ रुपये. हॉल एक, शिकवणी एक, उत्तरे तीन. ७२,००० चा आकडा टिकणार नाही, कारण हॉल घरच्यांच्याही वापरात आहे. उरलेल्या दोनांपैकी कुठला घ्यायचा, याचे उत्तर कायद्यात नाही आणि कुठल्या नियमातही दिलेले नाही. म्हणून प्रामाणिक माणूस एक तर काहीच मागत नाही, नाही तर अंदाजाने मागतो आणि वर्षभर धाकधुकीत राहतो.

सरकारकडून हिस्सा ठरवण्याची मोजपट्टी मिळेपर्यंत हिशेब कसा ठेवावा, ते तपशिलाने लिहितो.

सुरुवात टेपने करा. घराचा कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापराची जागा) भाडेकरारात किंवा खरेदीखतात असतो, तोच घ्या. बिल्डरच्या माहितीपत्रकातला सुपर बिल्टअप घेतला तर हिस्सा उगाच कमी निघतो. कामाची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. समजा घर ५५० चौरस फूट आणि खोली ११० चौरस फूट, म्हणजे हिस्सा २० टक्के. खोलीत कामाशिवाय काही नसेल तर वेळेचे गणित लागत नाही. पाहुण्यांचा पलंग तिथेच असेल तर लागते, आणि तो असूनही पूर्ण २० टक्के मागणे चूक आहे. ही आकडेमोड एका कागदावर लिहा: घराचा साधा आराखडा, लांबी-रुंदी, कामाचे तास, तारीख. मोबाइलवर खोलीचे दोन फोटो काढून त्याच फाइलमध्ये ठेवा. वर्षाच्या मध्यात घर बदलले तर दुसरा कागद करा आणि दोन घरांचे महिने वेगळे मोजा. चौकशीत अधिकारी पहिल्यांदा विचारतो तो हाच प्रश्न, वीस टक्के आले कुठून? वेळच्या वेळी केलेला जुना कागद हे त्याचे सर्वांत चांगले उत्तर. नोटीस आल्यावर बसून केलेल्या कागदाला ते वजन नसते.

भाडे २२,००० असेल तर वर्षाचे २,६४,००० होते आणि २० टक्क्यांनी ५२,८०० रुपये. भाडे बँकेतून द्या. एका दिवशी एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर कलम ४०ए(३) खाली तो खर्च नामंजूर होतो. घरमालक रोखीचा आग्रह धरतात तिथे हेच नडते. भाडे महिना ५०,००० च्या वर असेल तर कलम १९४-आयबी प्रमाणे भाडेकरूने भाड्यातून २ टक्के टीडीएस (उगमावरचा कर) कापून फॉर्म २६क्यूसी भरायचा असतो. लिव्ह अँड लायसन्स करारात 'फक्त राहण्यासाठी' असे छापील वाक्य असते. त्याने प्राप्तिकरातला खर्च आपोआप बाद होत नाही, पण करार नव्याने करताना 'एका खोलीत भाडेकरू स्वतःचे बैठे काम करू शकेल' एवढी ओळ घालून घेतली तर पुढे बऱ्याच कटकटी वाचतात.

सगळ्यात जास्त चुका नवरा-बायकोच्या हिशेबात होतात. नवरा नोकरीत, जुन्या प्रणालीत, आणि पूर्ण भाड्यावर घरभाडे भत्त्याची सूट घेतो. बायको त्याच घरात अनुवाद करते आणि त्याच भाड्याचे २० टक्के धंद्याच्या खर्चात घेते. तोच रुपया दोनदा वजा झाला. करार दोघांच्या नावावर असावा, तिचा हिस्सा तिच्या खात्यातून थेट घरमालकाला जावा, आणि नवऱ्याने सूट मागताना फक्त आपण दिलेले भाडे दाखवावे. ८०जीजी ची वजावट घेणाऱ्यांनाही हेच लागू. ती राहण्याच्या भाड्यासाठी आहे, कामाच्या खोलीचा हिस्सा तिच्यात पुन्हा धरायचा नाही.

घर वडिलांचे किंवा आईचे असेल तर त्यांना खोलीचे भाडे देता येते. भाडे खरोखर त्यांच्या खात्यात जायला हवे, त्या भागातल्या दराच्या आसपास असायला हवे (नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त दिले तर कलम ४०ए(२) आडवे येते) आणि त्यांनी ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवायला हवे. त्यांना त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. ज्येष्ठांचे उत्पन्न कमी असेल तर घरात एकूण कर कमी लागतो, आणि यात गैर काही नाही. घर आपणच पैसे घालून बायकोच्या नावावर केले असेल आणि तिलाच भाडे देत असाल, तर तो मार्ग बंद आहे. कलम २७ प्रमाणे त्या घराचे मालक तुम्हीच मानले जाता.

स्वतःचे घर असेल तर स्वतःला भाडे देता येत नाही. बाजारात या खोलीचे आठ हजार आले असते म्हणून आठ हजार लिहिणे ही फार जुनी चूक आहे. मालकाला मिळते ते घरपट्टीचा हिस्सा, घराच्या विम्याचा हिस्सा, त्या खोलीची दुरुस्ती आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिस्सा. मेंटेनन्सचे बिल मात्र उलगडून बघा. सेवाशुल्क, पाणी, सफाई, लिफ्टची वीज हे चालू खर्च आहेत. सिंकिंग फंड हा इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामासाठी साठवलेला पैसा असतो. तो चालू खर्चात धरू नये असे आमचे ठाम मत आहे. पार्किंगचे पैसेही, गाडी धंद्यात नसेल तर, वगळा. सगळ्या घराला रंग दिला आणि ६०,००० लागले, तर २० टक्क्यांनी १२,०००. भिंत पाडून नवी खोली काढली तर तो भांडवली खर्च, तो इथे येत नाही.

स्वतःच्या फ्लॅटचा घसारा घ्यावा का, हा प्रश्न नीट विचार करूनच सोडवायला हवा. राहत्या इमारतीवर घसारा ५ टक्के आहे आणि आकडा मोहात पाडणारा दिसतो. पण घराचा तो भाग धंद्याच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून आला, की घसारा तुम्ही मागा वा मागू नका, कायद्याने तो दिला असेच धरले जाते. पुढे फ्लॅट विकताना त्या भागावरचा नफा कलम ५० खाली अल्पमुदतीचा ठरतो, मग घर वीस वर्षे ठेवलेले असले तरी. घर विकून घर घेणाऱ्याला कलम ५४ ची जी सूट मिळते, ती त्या भागापुरती अडचणीत येते. वर्षाला दहा-पंधरा हजारांच्या वजावटीसाठी हे ओढवून घेऊ नये. फ्लॅट वह्यांबाहेर ठेवावा आणि घरपट्टी, मेंटेनन्स, वीज एवढ्यावर थांबावे. घरकर्जाच्या व्याजाचेही तसेच. जुन्या प्रणालीत राहत्या घरासाठी कलम २४ खाली दोन लाखांपर्यंत व्याज घेता आणि त्याच व्याजाचा हिस्सा धंद्यातही टाकता, असे चालत नाही.

विजेसाठी क्षेत्रफळाचे प्रमाण वापरू नका. फ्रिज, गिझर, मिक्सर हे कामाच्या खोलीत नसतात, म्हणून बिलाचे सरळ २० टक्के काढणे बहुतेक वेळा चुकते. युनिट मोजा. लॅपटॉप ६५ वॉट, मॉनिटर २५, पंखा ७०, ट्यूब २०, मिळून १८० वॉट. आठ तासांचे १.४४ युनिट, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे ३६ युनिट. बिल १८० युनिटचे असेल तर हिस्सा २० टक्के येतो. ३०० युनिटचे असेल तर १२ टक्केच. मग त्या महिन्याच्या एकूण बिलावर ते प्रमाण लावा. आपली युनिटे शेवटच्या, महाग टप्प्यातली आहेत असे धरायचा मोह होतो, पण सरासरी दरच वाजवी. एसी कामाच्या वेळेतच चालत असेल तर एप्रिल-मे साठी वेगळा कागद करा. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो, रोज चार तास म्हणजे महिन्याला शंभर युनिट. बिल घरमालकाच्या नावावर असले तरी हरकत नाही. पैसे तुमच्या खात्यातून गेलेले दिसावेत आणि बिलाची प्रत जपून ठेवावी.

बिलात धंदा दाखवला तर महावितरण व्यापारी दर लावेल, या भीतीने बरेच जण गप्प बसतात. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत याची सोय केलेली आहे. घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिना ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू होतो. वकील, डॉक्टर, अभियंते, चार्टर्ड अकाउंटंट यांनी राहत्या घरात आपल्या व्यवसायासाठी केलेला वापरही घरगुती गटात धरला आहे. शिवाय प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये विजेचा हिस्सा दाखवणे आणि वीज जोडणीचा प्रकार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

इंटरनेट आणि मोबाइल यांचा हिस्सा तासांवरून ठरवा. ८०० रुपयांचा प्लॅन जीएसटीसह ९४४ ला पडतो, वर्षाचे ११,३२८. घरात मुले संध्याकाळी व्हिडिओ बघतात, दिवसा तुमचे काम चालते. ७० टक्के धरले तर ७,९३० रुपये. कामासाठी वेगळे सिम घेतले तर त्याचे बिल पूर्ण धरता येते. दोनशे रुपयांत हा वाद मिटतो.

लॅपटॉप, टेबल, खुर्ची एकदम खर्चात टाकायची नसतात. संगणक आणि सॉफ्टवेअरचा घसारा ४० टक्के, फर्निचरचा १० टक्के, मोबाइलसारख्या इतर यंत्रांचा १५ टक्के. ७०,००० च्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी २८,०००, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ४२,००० वर १६,८००. वस्तू वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी निम्माच दर. म्हणजे लॅपटॉप दिवाळीच्या सेलमध्ये घेतला तर त्या वर्षी १४,००० च मिळतात. ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात आणला तर पूर्ण. बिल स्वतःच्या नावाचे हवे. मुलगा त्यावर गृहपाठ करत असेल तर घसाऱ्यातूनही त्याचा वाटा कापावा लागतो, कलम ३८(२) तसे सांगते.

वरच्या २२,००० भाडे देणाऱ्या भाडेकरूचा हिशेब जुळवला तर भाडे ५२,८००, वीज वर्षाच्या २४,००० च्या बिलापैकी ४,८००, इंटरनेट ७,९३०, मिळून ६५,५३० रुपये. घसारा वेगळा. हा आकडा किरकोळ वाटेल त्याने पुढचे गणित बघावे. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ए मुळे कर शून्य होतो. एखाद्या अनुवादिकेचा नफा, घराचा खर्च न धरता, १२,६०,००० असेल तर टप्प्यांप्रमाणे कर ६९,००० येतो. सीमांत सवलतीने (१२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही) तो ६०,००० वर थांबतो आणि उपकरासह ६२,४०० भरावे लागतात. ६५,५३० चा खरा खर्च कागदोपत्री दाखवला की नफा ११,९४,४७० होतो आणि कर शून्य. जितका खर्च दाखवला, जवळजवळ तितकाच कर वाचला. त्याच वेळी १२,७५,००० पगार असलेल्या माणसाला काहीही हिशेब न ठेवता कर शून्य आहे.

हे सगळे करण्याआधी एक गोष्ट तपासा, नाही तर मेहनत फुकट जाईल. वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलावंत असे कायद्याने नाव घेतलेले व्यवसाय कलम ४४एडीए खाली जमेच्या (वर्षभरात व्यवसायातून आलेल्या एकूण पैशाच्या) निम्मी रक्कम अंदाजित नफा म्हणून दाखवू शकतात. जमेची मर्यादा ५० लाख, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. हा मार्ग घेतला की घरभाडे, वीज, घसारा हे सगळे त्या निम्म्यात आले असे मानले जाते. आयटीआर-४ (अंदाजित नफ्याचा रिटर्न फॉर्म) भरून वर पुन्हा घराचा खर्च वजा करणे ही दर वर्षी दिसणारी चूक आहे. १४ लाख जमा आणि सगळा खरा खर्च अडीच लाख असलेल्या वास्तुविशारदाने घराचा हिशेब करूच नये, निम्मे दाखवून मोकळे व्हावे. खरा खर्च निम्म्याहून जास्त असेल तरच दुसरा रस्ता. पण तेव्हा उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागतात. विमा एजंटांना मात्र अंदाजित नफ्याची सोय नाही, कारण कमिशन आणि दलालीचे उत्पन्न ४४एडी मधून (छोट्या धंद्यांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या कलमातून) वगळलेले आहे. त्यांना आणि यादीत नाव नसलेल्या इतर अनेकांना खऱ्या खर्चावरच चालावे लागते. घरच्या खोलीचा हिशेब सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो त्यांना. रिटर्न आयटीआर-३ चा (खरा नफा-तोटा मांडायचा फॉर्म), आणि नफा-तोटा पत्रकात भाडे, वीज, दूरध्वनी यांच्या रकमा आपापल्या ओळीत घालायच्या. सगळे मिळून 'इतर खर्च' असा एकच मोठा आकडा टाकला की नजर तिथेच जाते.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. नोंदणीकृत व्यक्तीने राहते घर भाड्याने घेतले तर १८ जुलै २०२२ पासून रिव्हर्स चार्जने, म्हणजे घरमालकाऐवजी भाडेकरूनेच भरायचा, कर लागतो. प्रोप्रायटरने (धंद्याच्या एकट्या मालकाने) ते स्वतःच्या राहण्यासाठी, वैयक्तिक खात्यावर घेतले असेल तर माफी आहे. भाड्याचा हिस्सा धंद्याच्या वह्यांत घेतला की त्या हिश्शाला ही माफी लागू राहते का, हा प्रश्न उभा राहतो. कर भरला तर त्याचे क्रेडिट (आपल्या जीएसटीतून वळती) मिळते, पण आधी खिशातून भरावा लागतो. हे आपल्या सल्लागाराशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून ठरवा, मार्चमध्ये नको.

आता मुख्य मागणी. हिस्सा ठरवण्याची साधी रीत सरकारने छापून द्यावी, यात जगावेगळे काही नाही. ब्रिटनमध्ये स्वतंत्र व्यावसायिक घरी महिन्याला २५ ते ५० तास काम करत असेल तर १० पौंड, ५१ ते १०० तासांना १८ आणि त्याहून जास्त तासांना २६ पौंड असा ठरावीक खर्च दाखवू शकतो. फोन-इंटरनेट वेगळे, आणि खरा हिशेब मांडायची मुभा आहेच. अमेरिकेत स्वतंत्र जागेसाठी दर चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फूट. ऑस्ट्रेलियात २०२४-२५ पासून तासाला ७० सेंट, त्यात वीज, फोन, इंटरनेट, कागद सगळे आले. कामाच्या तासांची नोंद मात्र हवी. या देशांतली मराठी माणसे हे दर लावून स्वतःचे स्वतः रिटर्न भरतात.

आपल्याकडेही याचा पायंडा आहे. १९९३ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून, वर्षाला ६०,००० पेक्षा कमी कमिशन असलेल्या आणि तपशीलवार हिशेब न ठेवणाऱ्या आयुर्विमा एजंटांना ठरावीक टक्क्यांनी, कमाल २०,००० रुपयांपर्यंत, खर्च धरायची मुभा दिली होती. छोट्या माणसाला वह्या लिहायला लावण्यापेक्षा एक आकडा ठरवून देणे सोपे, हे तेव्हा मंडळाला पटले होते. तेव्हा एजंट होते, आज घराघरांत लॅपटॉप उघडून बसलेली मंडळी आहेत.

म्हणून मंडळाने नव्या कायद्याखाली नियम किंवा परिपत्रक काढावे, आणि त्यात तीन गोष्टी ठरवाव्यात. स्वतंत्र खोलीसाठी कार्पेट एरियाचे प्रमाण, २५ टक्क्यांपर्यंत विनातक्रार मान्य. घरच्यांच्याही वापरात असलेल्या खोलीसाठी क्षेत्रफळ गुणिले वेळ, आणि वेळेचा छेद १६८ की ११२ याचे एक उत्तर. आमच्या मते ११२ न्याय्य, कारण झोपेच्या तासांत त्या खोलीचा वापर घरासाठीही फारसा होत नाही. वीज आणि इंटरनेटसाठी तासाला ठरावीक रुपये, दर दोन वर्षांनी वीजदराप्रमाणे सुधारलेले, २० लाखांपर्यंत जमा असलेल्यांसाठी. ज्याला खरा हिशेब मांडायचा आहे त्याला तो मांडू द्यावा. सगळ्या देशासाठी चौरस फुटाचा एकच दर मात्र नको. दादर आणि देगलूर यांच्या भाड्यांना एका आकड्यात बांधता येणार नाही.

अर्थसंकल्पाआधी व्यापारी आणि व्यावसायिक संघटना अर्थ मंत्रालयाला निवेदने देतात. त्यात घरून काम करणाऱ्यांचा हा मुद्दा यावा, यासाठी आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांतल्या सीए आणि करसल्लागारांनी आपापल्या संघटनेत तो आत्ताच मांडावा, ही विनंती.

आपले,
छोट्या व्यावसायिकांची विवरणपत्रे भरणारे काही करसल्लागार, पुणे